काळ्या दगडातली रेघ

मराठी माणसाला एखाद्या गोष्टीची पक्की ग्वाही द्यायची असली की तो म्हणतो, ही काळ्या दगडावरची रेघ. या बोलण्यातला दगड आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. सह्याद्रीचे कडे त्याचे, वेरूळची लेणी त्यात कोरलेली, घराचे जोते, जाते आणि पाटा-वरवंटाही त्याचाच. भूशास्त्रात त्याला बेसॉल्ट म्हणतात. त्यावर छिन्नीने ओढलेली रेघ पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे खरेच आहे. पण या दगडाच्या आत, त्यातल्या स्फटिकांमध्ये, निसर्गाने ओढलेल्या रेघाही असतात आणि त्यांची हकीकत वेगळी आहे. दगड तापलेला असतो तोवर त्या फिकट होत जातात, जागा सोडतात, कधी पार पुसल्या जातात.

एवढेच असते तर हा विषय भूशास्त्राच्या वर्गात ठेवून देता आला असता. पण त्या पुसट रेघा वाचण्याची जी रीत गेल्या काही दशकांत तयार झाली, तिच्यातून एक जुना नैतिक प्रश्न नव्याने समोर येतो. काळाबरोबर बदललेली साक्ष खोटी असते का? आणि तिला खोटी म्हणण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला कधी मिळतो?

आधी स्फटिकाकडे पाहू. शिलारस जमिनीखाली साठलेला असतो तेव्हाच त्यात स्फटिक वाढू लागतात. झाडाच्या खोडासारखी त्यांची वाढ आतून बाहेर होते. गाभा सर्वांत जुना, कड सर्वांत नवी. मध्येच खालून ताजा रस आला, किंवा भोवतालचा खडक वितळून त्यात मिसळला, की पुढच्या थराची घडण बदलते आणि स्फटिकात एक रेघ उमटते. सह्याद्रीतल्या काही लाव्हाथरांत प्लॅजिओक्लेज या खनिजाचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे फिकट स्फटिक दिसतात. अशा स्फटिकांत गाभ्यापासून कडेपर्यंत स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचे प्रमाण बदलत गेल्याचे मोजले गेले आहे. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वजनाने कमीजास्त असलेले अणू. जणू एकाच घरातली भावंडे, स्वभाव जवळजवळ एक, फक्त एक थोडे हलके आणि एक थोडे जड.

आता ही रेघ पुसट कशी होते? कैरीचे लोणचे आठवावे. मिठात घातलेली फोड पहिल्या दिवशी कडेला खारट आणि आत आंबट असते. मीठ आत सरकते, फोडीचे पाणी बाहेर येते. काही दिवसांनी कड आणि गाभा यांतला फरक कमी होतो आणि लोणचे मुरले की उरतच नाही. मधल्या एखाद्या दिवशी फोड चिरून मीठ किती आत पोचले हे पाहिले, तर ती कधी बरणीत पडली याचा अंदाज करता येतो. तापलेल्या स्फटिकात अणूंचे असेच स्थलांतर चालू असते. त्याला विसरण म्हणतात. ते उष्णतेवर विलक्षण अवलंबून असते. उष्णता थोडी उतरली तरी वेग कित्येक पटींनी घटतो आणि पुरेसा गारवा आला की अणू जिथल्या तिथे थबकतात. त्यामुळे सह्याद्रीतल्या स्फटिकात गाभा आणि कड यांतला फरक अजून शाबूत असेल, तर त्याचा अर्थ असा की तो स्फटिक तप्त शिलारसात फार काळ राहिला नाही. राहिला असता तर फरक उरला नसता.

इथे पहिली विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ठळक रेघ हा स्फटिकाचा गुण नाही. एकाच शिलारसातले दोन जुळे स्फटिक कल्पावेत. एक लाव्हाबरोबर वर आला आणि झटकन निवला. दुसरा खोल राहिला आणि हळूहळू निवला. पहिल्याच्या रेघा ठळक, दुसऱ्याच्या पुसट. पहिला जास्त प्रामाणिक होता असे कोणी म्हणणार नाही. त्याला फक्त आच कमी लागली.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण हे सहज विसरतो. ज्याच्याकडे त्याच दिवशी तलाठ्याने केलेली नोंद आहे, तो आपल्याला खरा वाटतो. ज्याच्याकडे फक्त आठवण आहे, तो संशयास्पद. खरे तर पहिल्याची हकीकत लवकर निवाली, इतकेच. आणि ठळक रेघ खरी असेलच असेही नाही. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य माणसांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहून टाकली. ही नोंद अगदी ठळक आहे, शिक्क्यानिशी आहे आणि चुकीची आहे. उलट घरातली आजी सांगते, 'बहात्तरच्या दुष्काळात झाला, सुकडी वाटायचे तेव्हा.' यात तारीख नाही, महिना नाही, पण वर्ष सापडते आणि त्या वर्षाची भूकही सापडते. कागद आणि आजी यांत पुसट कोण आणि खोटे कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता दुसरी गोष्ट, आणि ती अधिक अवघड आहे. स्फटिकात गाभ्याकडून कडेकडे हळूहळू बदलणारे प्रमाण दिसले, तर त्याची दोन कारणे असू शकतात. एक, भोवतालचा रस खरोखरच हळूहळू बदलत होता आणि स्फटिकाने ते जसेच्या तसे टिपले. दोन, मुळात ठळक असलेली रेघ पुढे विसरणाने पसरली. नुसता आलेख पाहून हे ओळखणे कठीण. पहिली मूळ साक्ष, दुसरी बदललेली साक्ष, आणि दोन्ही दिसायला सारख्या.

या पेचातून वाट समस्थानिकांनी दाखवली. हवाई बेटावर किलाउआ इकी नावाच्या विवरात १९५९ साली लाव्हाचे तळे साठले आणि ते निवायला काही दशके लागली. शास्त्रज्ञ त्यात भोके पाडून नमुने काढत राहिले. त्यातल्या ऑलिव्हिन स्फटिकांत मॅग्नेशियम बाहेर जात होते आणि लोह आत येत होते. विसरणात हलका अणू जड अणूच्या थोडा पुढे धावतो. म्हणून हलके मॅग्नेशियम आधी निघून गेले आणि मागे उरलेले जड राहिले. हलके लोह आधी आत शिरले, म्हणून आतले लोह हलके झाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत ही उलटी जोडी स्पष्ट दिसली: जिथे मॅग्नेशियम जड, तिथे लोह हलके. नुसत्या वाढीतून असा शिक्का उमटत नाही. बदलाने साक्ष पुसट केली, पण पुसताना स्वतःचा हातही दगडावर उमटवून ठेवला.

याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. बदलाला नियम असेल आणि तो नियम ऐकणाऱ्याला माहीत असेल, तर बदललेल्या साक्षीतून दोन गोष्टी कळतात. मूळ काय होते, आणि मध्ये किती आच, किती काळ सोसावी लागली. ठळक रेघ यातली पहिलीच सांगते.

तिसरी गोष्ट तारखेची. स्फटिकाला वय विचारले तर तो कोणत्या क्षणापासून मोजतो? काही घड्याळे किरणोत्सर्गी पोटॅशियमपासून बनणाऱ्या आर्गॉन वायूवर चालतात. स्फटिक तापलेला असतो तोवर हा वायू निसटत राहतो. ठरावीक तापमानाच्या खाली गेल्यावर दार बंद होते आणि तिथून मोजणी सुरू होते. मार्टिन डॉडसन यांनी १९७३ साली या 'बंद होण्याच्या तापमाना'चे गणित मांडले. म्हणजे हे घड्याळ दार कधी लागले ते सांगते, जन्म कधी झाला ते नव्हे. झिरकॉन नावाच्या स्फटिकातले युरेनियमचे घड्याळ मात्र जवळजवळ जन्मापासून चालते, आणि तो जन्म उद्रेकाच्या आधी, जमिनीखालीच झालेला असू शकतो. २२ फेब्रुवारी २०१९ च्या 'सायन्स' नियतकालिकात दख्खनच्या लाव्हाबद्दल दोन संशोधने शेजारी शेजारी छापली गेली. एकाची भिस्त लाव्हाथरांच्या मधल्या झिरकॉनवर, दुसऱ्याची लाव्हातल्या प्लॅजिओक्लेजमधल्या आर्गॉनवर. उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, यावर दोघांचे एकमत होते. पण पहिल्याच्या मते ते मोठ्या टप्प्यांनी झाले आणि त्यातला एक टप्पा डायनोसॉर नष्ट झाले त्या सीमेच्या जरा आधीचा होता. दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा त्या सीमेनंतर आला. साक्षीदारांत मतभेद पडला, तेव्हा प्रश्न असा विचारला गेला की कोणते घड्याळ नेमके काय मोजते आणि प्रत्येकाच्या अचूकतेची मर्यादा किती.

त्याच महिन्यात दिल्लीत वेगळ्या साक्षीदारांचा प्रश्न ऐरणीवर आला होता. तो समजून घेण्यासाठी कस्तुरबा गांधी मार्गावर उभे राहणे सोयीचे आहे. कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणाऱ्या या रस्त्यावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन आहे. एका बाजूला थोड्या अंतरावर जंतरमंतर, जिथे २००६ साली नर्मदा खोऱ्यातले विस्थापित धरणे धरून बसले होते. सरदार सरोवराच्या पाण्यात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे येतात. तिथला सातपुडा दख्खनच्याच काळ्या दगडाचा, आणि तिथल्या कित्येक आदिवासी कुटुंबांची कसती जमीन सातबाऱ्यावर कधी चढलीच नाही. दुसऱ्या बाजूला टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालय. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने, वनहक्काचे ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलजमिनीवरून हटवण्याचा आदेश राज्यांना दिला. असे दावे दहा लाखांहून अधिक होते. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि दावे फेटाळताना कोणती प्रक्रिया पाळली, हे राज्यांना सांगायला लावले गेले.

वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवायचे असते. त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी जाहीर झाले आणि पुराव्यांची त्यातली यादी वाचण्यासारखी आहे. सरकारी कागद आहेतच, पण घरे, झोपड्या, जमिनीची केलेली सपाटी, बांध यांनाही पुरावा मानले आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही. ग्रामसभेने एकाहून अधिक पुरावे पाहावेत असेही म्हटले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने वरच्या समित्यांना बजावले की अमुकच कागद आणा असा हट्ट धरू नये. म्हणजे कायद्याने म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला पुराव्याच्या पंगतीत बसवले आहे. प्रश्न पुढचा आहे. बसवल्यावर तिचे ऐकायचे कसे?

सातपुड्यातला एखादा म्हातारा सांगतो, माझ्या बापाने ही जमीन मोडली. कधी? पूर्वी. किती एकर? त्या मोहापासून ओढ्यापर्यंत. पाच वर्षांनी पुन्हा विचारले तर एकरांचा आकडा बदलतो, साल बदलते, पण मोह आणि ओढा बदलत नाहीत. इथे हलके आणि जड यांचा भेद उपयोगी पडतो. साल, आकडा, तारीख या गोष्टी त्याच्या जगण्यात हलक्या होत्या. त्या आधी निसटतात, किंवा बाहेरून आत येतात: कार्यकर्त्याने सांगितलेला आकडा, अर्जावर लिहिलेले साल. झाड, ओढा, बांध कोणी घातला, कोणाला कुठे पुरले, या जड गोष्टी जागेवर राहतात. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिले होते की गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना तपशील सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसत जातात. आठवण वाट्टेल तशी बदलत नाही. तिच्या बदलण्यालाही वळण असते.

यावर रास्त आक्षेप आहे. स्फटिकाला स्वार्थ नसतो, माणसाला असतो. जमीन मिळणार असेल तर माणूस खोटे बोलेल, साक्षीदार पढवले जातील. हे होते, आणि स्फटिकाच्या उपमेने ते झाकू नये. पुसटपणा हा खरेपणाचा दाखला नाही. पण हा आक्षेप नेमका कोणाच्या अंगावर येतो ते पाहावे. पढवलेली साक्ष ठळक असते. पाच जण एकच तारीख एकाच वाक्यात सांगतात. अनुभवी वकिलाला पोपटपंचीचाच संशय येतो. सर्वोच्च न्यायालयानेही १९८३ च्या एका निकालात साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी असावी अशी अपेक्षा धरू नये असे म्हटले, आणि किरकोळ विसंगतींना फार महत्त्व देण्यापासून सावध केले. म्हणजे स्वार्थाची शंका असली तरी 'बदलली की नाही' ही कसोटी चुकीचीच ठरते. 'कशी बदलली' ही कसोटी हवी. बदल अनुभवाच्या वळणाने झाला की फायद्याच्या दिशेने? जमिनीवरचा बांध, शेजाऱ्याची आठवण आणि झाडाचे वय त्याच्याशी जुळते का? एकाच स्फटिकावर भूवैज्ञानिकही विसंबत नाहीत.

ज्या बदलाचा नियम माहीत असतो, तो आपल्याला खटकतही नाही. कस्तुरबा गांधी मार्गाचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. जुन्या पाकिटावर कर्झन रोड आणि आजच्या पत्रिकेवर कस्तुरबा गांधी मार्ग असेल, तर कोणताही कारकून ही विसंगती म्हणून दावा परत करणार नाही. नावे कशी बदलतात हे त्याला ठाऊक आहे, कारण ती त्याच्याच सरकारने बदलली. म्हाताऱ्याच्या 'पूर्वी'चे नियम मात्र त्याला ठाऊक नसतात. आणि ठाऊक नसणे हा म्हाताऱ्याचा दोष ठरतो.

माझ्या मते अन्याय इथेच आहे. अणू कोणत्या खनिजात, कोणत्या तापमानाला, किती वेगाने सरकतात हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळांत भट्ट्या पेटवून वर्षानुवर्षे मोजमाप केले गेले. एखादा स्फटिक अविश्वसनीय आहे असे म्हणण्याआधी एवढे कष्ट घ्यायचे, ही त्या शास्त्राची शिस्त आहे. माणसाच्या साक्षीसाठी एका दिवसाचेही कष्ट न घेता 'जबाबात तफावत' असा शेरा मारणे ही नुसती घाई नाही. ऐकणाऱ्याने आपले काम बोलणाऱ्याच्या डोक्यावर टाकणे आहे.

त्यातही एक भर आहे. स्फटिकाची रेघ पुसट होते ती तो आचेवर राहतो म्हणून. माणसाच्या बाबतीत ही आच पुष्कळदा प्रतीक्षेची असते. दावा दाखल झाला, पडून राहिला, परत आला, पुन्हा भरला, पुन्हा जबाब, पुन्हा मोजणी. दर खेपेला गोष्ट नव्याने सांगावी लागते आणि दर खेपेला ती जरा सरकते. मग वर्षांनंतर पहिला आणि शेवटचा जबाब शेजारी ठेवून फरक दाखवला जातो. ज्याने भट्टी चालू ठेवली, त्यानेच रेघ पुसट झाली अशी तक्रार करावी, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. दिरंगाईमुळे पडलेली तफावत दिरंगाई करणाऱ्याच्या खात्यात मांडली पाहिजे.

आणि शेवटी असेही स्फटिक असतात, ज्यांच्यात काहीच उरलेले नसते. गाभा आणि कड एक झालेली, मुरलेल्या लोणच्यासारखी. तिथे भूवैज्ञानिक लिहितो, हा स्फटिक याबद्दल काही सांगू शकत नाही. 'तसे घडले नव्हते' असे तो लिहीत नाही. ही दोन वाक्ये वेगळी ठेवणे हा प्रामाणिकपणाचा अगदी साधा भाग आहे. 'पुरावा मिळाला नाही' आणि 'वस्ती नव्हती' यांतले अंतरही तेवढेच आहे. फेटाळलेल्या दाव्यांच्या फायलींत किती ठिकाणी पहिल्या वाक्याच्या जागी दुसरे बसले असेल, ते एकेक फाईल उघडून, एकेका बांधावर जाऊनच कळेल.

दरम्यान वडीलधाऱ्यांचे निवेदन लिहून घेणाऱ्याला एवढे करता येईल. 'कधीपासून?' हा रकाना एका तारखेसाठी न ठेवता थोडा मोठा ठेवावा. दुष्काळाच्या आधी की नंतर, थोरली मुलगी तेव्हा चालत होती का, तो मोह तेव्हा केवढा होता, असे विचारावे आणि उत्तर आले तसे, त्याच्या बोलीत लिहावे. आणि ते पहिल्याच खेपेला नीट लिहून घ्यावे, म्हणजे दुसऱ्या खेपेची आच लागणार नाही.